यंत्राचा आराखडा कोणत्या प्रणालींत करावा?

ज्या गृहस्थानें आपला उभा जन्म जुन्नर आणि आंबेगांव ह्या दोन तालुक्यांतील शाळांत मुलांना चित्रकला व भूमिति शिकविण्यांत घालविला, ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिक आणि शिक्षकाची पदविका एवढ्यावरच थांबलें, त्यानें यंत्रांचे आराखडे संगणकावर करण्याच्या प्रणाल्यांविषयीं बोलण्यास बसावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु हा प्रश्न मीं होऊन उकरून काढलेला नाहीं. तो माझ्या घरीं चालत आलेला आहे. दरवर्षीं निकाल लागले, कीं कोणी ना कोणी जुना विद्यार्थी आपल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन ओसरीवर येतो आणि विचारतो, "सर, हिला सॉलिडवर्क्सच्या क्लासला घालूं कीं कॅटियाच्या?" मुलगी पदविकेची परीक्षा उतरलेली असते, किंवा मुलगा आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेला असतो. क्लासची फी हजारांच्या घरांत असते, आणि ती बहुधा टोमॅटोच्या नाहीं तर कांद्याच्या पट्टींतून जावयाची असते. ज्या वर्षीं भाव पडला, त्या वर्षीं हा प्रश्न केवळ विद्येचा राहत नाहीं.

ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू माझ्या एका विद्यार्थ्यानें मजपुढें आणिली. मंचरच्या पलीकडे त्याचें लहानसें वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, पत्रा वांकविण्याचें एक यंत्र आणि सात-आठ माणसें. निम्मा वेळ तो स्वतःच्या डोक्यानें शेतीचीं औजारें करतो. कांद्याची प्रतवारी करणारी त्याची चाळण आमच्याकडे पुष्कळांनीं नेली आहे. उरलेला वेळ तो चाकणच्या मोठ्या कारखान्यांस माल पुरविणाऱ्या एका मधल्या कारखान्याचें काम करतो. आजवर त्याचें कागदावर भागलें. आतां तो मधला कारखाना कागद पाठवीत नाहीं, फाइल पाठवितो. तेव्हां प्रणाली घेणें भाग. पण घ्यावी कोणती? एकीच्या वर्षाच्या परवान्यांत एक जुनें लेथ येईल, दुसरी फुकट, तिसरी महिन्याच्या भाड्यानें. निवृत्त माणसाजवळ दुसरें कांहीं नसलें तरी वेळ असतो. दोन वर्षें मी सुनेनें मांडून दिलेल्या संगणकापुढें बसलों, चाकण-भोसरीस नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सुटीच्या दिवशीं पिडलें, आणि त्यांतून जें हातीं लागलें तें आपणांपुढें ठेवितों.

आधीं ही वस्तु काय आहे तें पाहूं. आमच्या वेळीं ड्रॉइंग बोर्डावर ताव लावून, टी-स्क्वेअर आणि गुण्या सरकवीत, एका भागाचीं तीन दर्शनें काढावयाचीं: समोरून, वरून आणि बाजूनें. कागदावर वस्तु नसे, वस्तूच्या सावल्या असत. आणि त्या तीन सावल्यांवरून मूळ वस्तु मनांत उभी करणें हीच त्या विद्येची परीक्षा. संगणक प्रथम आला तो ह्याच कामावर. १९८२ सालीं निघालेल्या ऑटोकॅडनें टी-स्क्वेअरला निवृत्ति दिली, पण रेघ ती रेघच राहिली. आज ज्यांच्याविषयीं वाद आहे त्या प्रणाल्या रेघ काढीत नाहींत. त्या सबंध भरीव वस्तु घडवितात, आणि दर्शनें त्या वस्तूवरून मागाहून आपोआप पडतात.

एक साधें उदाहरण घेतों. चाळणीच्या शाफ्टला आधार देणारी बेअरिंगची बैठक करावयाची आहे. प्रथम सपाट पृष्ठावर एक वेडावांकडा चौकोन काढावा. मग प्रणालीला एकेक अट सांगावी: ही बाजू आडवी, ही उभी, वर्तुळाचा मध्य चौकोनाच्या मध्यावर, लांबी १२० मिलिमीटर, रुंदी ६०. एकेक अट सांगावी तसतसा चौकोन शिस्तींत येऊन उभा राहतो. भूमितीच्या शिक्षकाला हें पाहून काय वाटतें तें कसें सांगूं! प्रमेयाच्या आरंभीं 'पक्ष' लिहा, पक्ष पुरा लिहा, असें मुलांना सांगून घसा कोरडा होत असे. येथें यंत्रच पक्ष मागून घेतें, आणि तो अपुरा असला तर आकृति हलती ठेवून तसें दाखवितें. अटींनीं आकृति बांधण्याची ही कल्पना १९६३ सालची आहे. अमेरिकेंतील एमआयटी ह्या विद्यापीठांत आयव्हन सदरलंड ह्या तरुणानें स्केचपॅड नांवाच्या आपल्या प्रयोगांत, पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनें रेघा काढून, ती करून दाखविली होती.

तर त्या चौकोनाला वीस मिलिमीटर जाडी द्यावी, मध्यें बेअरिंगसाठीं भोंक पाडावें, चार कोपऱ्यांत बोल्टांचीं भोंकें पाडावींत, कडा गोल कराव्यात. प्रणाली ह्या प्रत्येक कृतीची क्रमवार नोंद ठेविते. उद्यां बेअरिंग मोठें आलें, तर मागें जाऊन एक आंकडा बदलावा. तेथून पुढची सारी वस्तु पुन्हां नव्यानें घडते. १९८५ सालीं निघालेल्या पीटीसी ह्या कंपनीनें तें दशक संपण्यापूर्वीं प्रो-इंजिनिअर ही प्रणाली बाजारांत आणून ही रीत कारखान्यांत रूढ केली. तिचें आजचें नांव क्रिओ.

आपणांपैकीं जे लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेले असतील, त्यांनीं तेथील कोरीव खांब पाहिले असतील. अखंड खडकांतून खांब सोडवितांना छिन्नीचा एक घाव अधिक पडला, तर गेलेला दगड परत येत नसे. कोठून आरंभ करावा आणि कशानंतर काय काढावें, हाच त्या कारागिराचा सारा हिशेब. ह्या प्रणालींत गेलेला दगड परत आणतां येतो, पण क्रमाचा हिशेब मात्र सुटत नाहीं. चौथी कृति दुसरीवर टेकलेली असली आणि दुसरी काढून टाकिली, तर चौथी अधांतरीं लोंबकळूं लागते. कृतींच्या ह्या नोंदीला मी त्या वस्तूची वंशावळ म्हणतों. प्रणाली निवडतांना दुकानदार ज्या दहा गोष्टी सांगतो त्यांत ही बहुधा नसते, आणि माझ्या मतें सगळी निवड हिच्याचभोंवतीं फिरते.

आतां प्रणाल्यांची ओळख. विमानें आणि मोटारी करणाऱ्या बड्या कारखान्यांत कॅटिया आणि एनएक्स ह्या दोघींचें प्रस्थ. कॅटिया फ्रान्समधील दासो ह्या विमानें करणाऱ्या घराण्यांत १९७० नंतरच्या दशकांत जन्मली. एनएक्स आज जर्मनीच्या सीमेन्सकडे आहे. मध्यम कारखान्यांत सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, इन्व्हेंटर आणि वर सांगितलेली क्रिओ. सॉलिडवर्क्स १९९५ सालीं आली आणि दोनच वर्षांनीं दासोंनीं ती विकत घेतली. सॉलिड एज १९९६ ची, तीहि आतां सीमेन्सची. इन्व्हेंटर १९९९ ची, ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीची. तिचीच धाकटी बहीण फ्यूजन. आणि ह्या सर्वांहून निराळी फ्रीकॅड, जिला कोणी एक मालक नाहीं. २००२ पासून जगांतल्या हौशी व जाणत्या माणसांनीं मिळून ती वाढविली आहे.

येथें एक गंमत सांगतों. वस्तूचा भरीवपणा, म्हणजे कोणतें पृष्ठ कोणत्या पृष्ठाला कोठें छेदतें हें गणित, प्रत्येक प्रणालीच्या पोटांतील एका गाभ्यांत चालतें. इंग्लंडांत केंब्रिजला जन्मलेला पॅरासॉलिड नांवाचा असा एक गाभा आज सीमेन्सच्या मालकीचा आहे. सीमेन्सच्या एनएक्स व सॉलिड एज तर त्यावर चालतातच. पण प्रतिस्पर्धी दासोंची सॉलिडवर्क्सहि त्याच्यावरच चालते. बाजारांत हमरीतुमरीवर आलेलीं दोन घराणीं एकाच विहिरीचें पाणी भरतात. तेव्हां वर्कशॉपच्या नेहमींच्या कामापुरतें पाहिलें, म्हणजे बैठक, पुली, फ्लँज, पत्र्याचें झांकण, चौकट, तर ह्यांतील कोणतीहि प्रणाली तें करील. अमुकीनें काम सुंदर होतें आणि तमुकीनें होत नाहीं, असें जो छातीठोकपणें सांगतो तो बहुधा तिचा विक्रेता तरी असतो, नाहीं तर तिच्याखेरीज दुसरी न शिकलेला तरी असतो.

मग फरक कशांत? फाइल कोणाकडे जावयाची आणि उद्यां ती कोण उघडून बदलणार, ह्यांत.

ह्या गोष्टीची जी मोठी साक्ष जगापुढें आहे ती एअरबस कंपनीची. तिनें ए-३८० हें दुमजली प्रचंड विमान करावयास घेतलें. त्याच्या पोटांत सुमारें ५३० किलोमीटर लांबीची विजेची तार. काम अनेक देशांत वांटलेलें. जर्मनींतील हॅम्बुर्गचा कारखाना कॅटियाच्या चौथ्या पिढीवर काम करीत होता, आणि फ्रान्समध्यें तूलूझला पांचवी पिढी वापरीत होते. नांव एक, मालक एक, तरी ह्या दोन पिढ्यांची एकमेकींशीं नीट बोलचाल नव्हती. हॅम्बुर्गहून आलेले तारांचे जुडगे विमानांत बसवूं लागतां ते बसेनात. २००६ सालीं कंपनीला विलंबाच्या घोषणांवर घोषणा कराव्या लागल्या, आणि पहिलें विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हातीं पडावयास २००७ चा ऑक्टोबर उजाडला. जेथें इतक्या बुद्धिमान माणसांची ही गत, तेथें मंचरच्या वर्कशॉपनें एका प्रणालींतली फाइल दुसरींत 'सहज उघडते' ह्या आश्वासनावर विसंबणें योग्य होणार नाहीं.

प्रणाल्यांना एक सामाईक भाषा असावी म्हणून स्टेप नांवाची एक पद्धति आहे. आयएसओ १०३०३ हें तिचें अधिकृत नांव, आणि ती १९९४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. जवळजवळ प्रत्येक प्रणाली आपली वस्तु स्टेपमध्यें लिहून देते आणि दुसरीची वाचते. हा फार मोठा उपकार आहे. परंतु त्यांत एक मेख आहे. सामान्यतः स्टेपमधून वस्तूचें शरीर जातें, वंशावळ जात नाहीं. पलीकडच्याला बैठक दिसेल, मोजतां येईल, यंत्रावर कापतां येईल. पण बेअरिंगचा एक आंकडा बदलला असतां बाकीचें आपोआप बदलावें, ही जी ह्या विद्येची खरी मिळकत, ती वाटेंतच गळून पडलेली असते. ज्याला नुसता भाग कापून द्यावयाचा आहे त्याचें स्टेपवर भागतें. ज्याला गिऱ्हाइकाच्या आराखड्यांत स्वतः फेरफार करून परत पाठवावयाचा आहे, त्याला गिऱ्हाइकाचीच प्रणाली हवी, आणि पुष्कळदां त्याच सालची आवृत्ति हवी. सॉलिडवर्क्समध्यें नव्या आवृत्तींत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तींत नेहमींसारखी काम करण्यासाठीं उघडत नसे. २०२४ च्या आवृत्तीपासून मागल्या दोन सालांपर्यंत जतन करण्याची सोय तिनें केली आहे. म्हणून मीं माझ्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न केला तो हाच: "तो मधला कारखाना तुझ्याकडून काय परत मागतो? भाग कीं फाइल?" त्यानें चौकशी केली. दहांपैकीं आठ कामांत भागच हवा होता.

दुसरी गोष्ट काळाची. नारायणगांवाजवळ खोडदला, आमच्याच तालुक्यांत, रेडिओ-दुर्बिणींचें जें मोठें केंद्र आहे तें आपणांस ऐकून ठाऊक असेल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागीं दाटीनें आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेनें त्या झाल्या. भरीव पत्र्याची एवढी तबकडी वाऱ्यापुढें टिकविण्यास लोखंड किती लागलें असतें! त्यांनीं चौकटींमध्यें तारांचे दोर ताणून त्यांवर बारीक पोलादी तारेची जाळी बसविली. वारा जाळींतून निघून जातो, आकाशांतून येणाऱ्या लांब लहरींना मात्र ती जाळी आरशासारखीच. मीं शाळेच्या सहलींतून मुलांना कितीदां तरी तेथें नेलें आहे. अन्वस्त म्हणजे पॅराबोला सरळ ताणलेल्या तुकड्यांनीं कसा साधला, तें फळ्यावर शिकवावयास मला दोन तास लागत, तेथें दोन मिनिटें पुरत. ही युक्ति माणसाच्या डोक्यांतून निघाली. प्रणाली कोणतीहि असो, ती युक्ति सुचविणें तिचें काम नव्हे.

पण आजच्या विषयास लागणारी गोष्ट पुढेंच आहे. ह्या तबकड्या १९९० नंतरच्या दशकांत उभ्या राहिल्या, २००२ पासून जगांतील शास्त्रज्ञांना खुल्या झाल्या, आणि आजहि काम करीत आहेत. त्या उभ्या राहत होत्या त्याच दशकांत सॉलिडवर्क्सची पहिली आवृत्ति निघाली. म्हणजे एका चांगल्या यंत्राचें आयुष्य हें ह्या सबंध प्रणालीच्या आयुष्याएवढें असूं शकतें. तीस वर्षांनीं एखादा दांत तुटला, एखादी बैठक झिजली, तर नवा भाग करावयास आराखडा लागणार. कागदावरील आराखडा डोळ्यांनीं उघडतो. फाइल उघडावयास ती प्रणाली चालू असावी लागते, आणि तुमचा परवानाहि चालू असावा लागतो.

परवान्याची ही दुसरी अट अलीकडची. पूर्वीं प्रत विकत घेतली कीं ती कायमची. जुनी झाली तरी चालत असे. ऑटोडेस्कनें २०१६ सालापासून नव्या प्रती अशा कायमच्या विकणें बंद केलें. आतां वर्षाचें भाडें. इतरहि त्याच वाटेनें चालले आहेत. भाड्याच्या घरांत राहण्यास माझी हरकत नाहीं. पण आपल्या घराण्याचे सर्व कागद त्या घराच्या भिंतींत चिणून ठेवावेत आणि भाडें थकलें कीं ते वाचतां येऊं नयेत, हा व्यवहार शहाण्या माणसाला पटण्यासारखा नाहीं. फुकट मिळणाऱ्या गोष्टींचाहि असाच अनुभव. फ्यूजनची हौशी लोकांसाठीं फुकट आवृत्ति आहे, आणि ती चांगलीहि आहे. पण २०२० सालीं कंपनीनें एकाएकीं तिच्यावर मर्यादा घातल्या, एका वेळीं दहाच आराखडे बदलण्याजोगे ठेवतां येतील असें ठरविलें, आणि स्टेपमध्यें लिहून देण्याची सोयहि काढून घेण्याचें जाहीर केलें. लोकांनीं ओरड केली तेव्हां ती एवढी सोय राहिली. धंद्यासाठीं तर ती फुकट आवृत्ति नाहींच. चोरीच्या प्रतींविषयीं मी बोलणार नव्हतों, पण लहान वर्कशॉपांत त्या इतक्या उघडपणें चालतात कीं बोललेंच पाहिजे. ह्या प्रती कोठें चालतात हें कंपन्यांना कळूं शकतें आणि त्या नोटिसा पाठवितात. आणि आजार असा, कीं नोटीस येते ती धंदा जरा नांवारूपाला आल्यावरच.

राहिली फ्रीकॅड. ती फुकट आहे एवढ्यासाठीं मी तिची बाजू घेत नाहीं. तिची फाइल कोणाच्या भाड्यावर अडकलेली नाहीं, ही तिची थोरवी. परंतु तिच्यांत एक जुनें दुखणें होतें, तें सांगितलें नाहीं तर आपली फसवणूक होईल. वस्तूच्या प्रत्येक पृष्ठाला प्रणाली मनांतल्या मनांत एक नंबर देते. एखाद्या आळींत मध्येंच नवें घर बांधलें आणि म्युनिसिपालिटीनें सर्व घरांचे नंबर नव्यानें घातले, तर पोस्टमन जुन्या नंबरावर पत्र टाकील आणि तें भलत्याच घरीं जाईल. तसें फ्रीकॅडमध्यें होई. मागें जाऊन एक खांच वाढविली, कीं पृष्ठांचे नंबर सरकत आणि चौथ्या पृष्ठावरचें भोंक पांचव्यावर जाऊन बसे. २०२४ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या तिच्या १.० आवृत्तींत ह्यावर बराचसा इलाज झाला आहे, आणि निरनिराळे भाग जोडून सबंध यंत्र उभें करण्याची सोयहि तिच्या अंगचीच झाली आहे. दुखणें समूळ गेलें असें मी म्हणणार नाहीं. हजार भागांचें यंत्र असेल, तर पैशाच्या प्रणाल्या अजून पुष्कळ पुढें आहेत. तीस-चाळीस भागांच्या चाळणीला ती पुरून उरते.

ज्यांना निवड करावयाची आहे त्यांनीं विक्रेत्यानें दाखविलेलें चकचकीत इंजिन पाहूं नये. तें त्याचें पाठ केलेलें स्तोत्र असतें. आपल्याच वर्कशॉपांतला, ज्यानें आपणांस सर्वांत अधिक छळलें असा एक भाग न्यावा आणि तो समोर करून मागावा. झाल्यावर अगदीं पहिल्या आकृतींतील एक माप बदलावयास सांगावें, आणि किती गोष्टी मोडतात तें मोजावें. त्या भागाचें कागदी चित्र काढावयास सांगावें. आपल्या देशांत पहिल्या कोनाच्या प्रक्षेपाची रीत आहे, अमेरिकेंत तिसऱ्या कोनाची. कांहीं प्रणाल्या न सांगतां अमेरिकन रीत धरतात, आणि मग डावें दर्शन उजवीकडे पडावयाचें तें डावीकडेच जाऊन पडतें. ही चूक पडद्यावर दिसत नाहीं, भाग उलटा होऊन आला म्हणजे दिसते. पत्र्याचें काम असेल तर झांकण उलगडून सपाट पत्रा किती लांबीचा लागेल तें काढावयास सांगावें; घडीच्या ठिकाणीं पत्रा ताणतो, त्याचा हिशेब आपल्या यंत्राप्रमाणें घालतां येतो कीं नाहीं तें पाहावें. शेवटीं स्टेपची फाइल करून दुसऱ्या कोणाच्या संगणकावर उघडून पाहावी. एवढ्या परीक्षेला एक दिवस लागतो. माझ्या विद्यार्थ्यानें ही परीक्षा तीन ठिकाणीं घेतली. एका ठिकाणच्या विक्रेत्यानें आमचा भाग हातांत घेण्याचेंच नाकारलें. तेथून आम्ही चहा न घेतां उठलों.

आतां त्या मुलामुलींविषयीं. एका शहरांतील एका क्लासमधून प्रशस्तिपत्र घेऊन आलेल्या मुलाला मीं सहज विचारलें, कीं ह्या २५ मिलिमीटरच्या भोंकांत बेअरिंगचा शाफ्ट फिरता बसवावयाचा आहे, तर माप काय लिहिशील? तो म्हणाला, "पंचवीस." अवघें पंचवीस! कोणत्याहि यंत्राला अचूक पंचवीस कापतां येत नाहीं. एच-७ असें लिहिलें, तर तें भोंक २५.००० पासून २५.०२१ पर्यंत कोठेंहि चालतें, आणि शाफ्टला त्याच्या जोडीचें माप द्यावें लागतें. तीन महिन्यांत त्या मुलाला दोनशें बटणें पाठ झालीं होतीं, आणि हें एक कोणी सांगितलें नव्हतें. फीची पावती मात्र त्याच्या बापानें अजून जपून ठेविली आहे. तेव्हां ओसरीवर येणाऱ्यांना मी सांगतों, कीं आधीं घरीं फ्रीकॅडवर तीन महिने अटी घालावयास आणि वंशावळ नीट लिहावयास शीक. एक जुना पंप सोडून त्याचे सगळे भाग व्हर्नियरनें मोजून उभे कर. मग ज्या कारखान्यांत जावयाचें आहे तेथें काय चालतें तें तेथील माणसाला विचार, आणि तेवढ्या प्रणालीपुरते पैसे खर्च कर. एक पुरी आली कीं दुसरी आठ-पंधरा दिवसांत हाताला बसते, हें मीं एकाहून अधिक मुलींकडून ऐकलें आहे. विद्यार्थ्यांसाठीं बऱ्याच कंपन्या आपल्या प्रणाल्या फुकट किंवा अल्प मोलानें देतात. त्यांवर केलेलें काम धंद्याला वापरावयाचें नसतें, एवढें पथ्य पाळावें. पुण्याच्या श्रोत्यांना आणखी एक सांगावेंसें वाटतें. ह्या प्रणाल्या नुसत्या वापरणारेच नव्हेत, तर त्या रचणारेहि आपल्या शहरांत आहेत; २००२ सालीं जिओमेट्रिक ह्या भारतीय कंपनीनें दासोंशीं भागी करून पुण्यांत ह्याच कामाची एक कंपनी काढली होती. ज्या मुलीला भूमिति मनापासून आवडते, तिनें बटणांच्या अलीकडेच कां थांबावें?

माझ्या विद्यार्थ्यानें अखेर असें केलें. मधल्या कारखान्याच्या ज्या दोन कामांत फाइलच परत द्यावयाची असते, तेवढ्यापुरता त्यानें त्या कारखान्याच्याच प्रणालीचा एक परवाना घेतला. एकच, दोन मुलें पाळीपाळीनें त्यावर बसतात. स्वतःचीं औजारें मात्र त्यानें फ्रीकॅडमध्यें उभीं केलीं. प्रत्येक भागाची मूळ फाइल, तिच्याजवळ स्टेपची प्रत आणि मापांसकट छापलेला कागद, अशीं तीन रूपें तो ठेवितो. गेल्या हंगामांत ओतूरकडच्या एका शेतकऱ्याला चाळणींत ४५ मिलिमीटरऐवजीं ५५ मिलिमीटरचीं भोंकें हवीं होतीं. एक आंकडा बदलला, सपाट पत्र्याचें नवें चित्र निघालें आणि तें त्याच दिवशीं कापावयास गेलें. लेथवरच्या माणसाला अजून कागदच लागतो, कारण त्याचे हात तेलानें भरलेले असतात. आणि कागद लेथजवळच्या खिळ्याला अडकविण्यापूर्वीं त्याच्या कोपऱ्यांत पहिल्या कोनाचें चिन्ह आहे कीं नाहीं, तें मी गेलों असलों तर स्वतः पाहून घेतों.